बारा गावचं पाणी प्यायलेला सेंटर

२२ जुलै २००३. एकाच दिवसात माइक सिलिंजर या आइस हॉकीपटूचा दोनदा ट्रेड झाला, म्हणजे एका टीमने त्याला दुसरीकडे दिलं आणि बदल्यात दुसरा खेळाडू घेतला. आधी कोलंबस ब्लू जॅकेट्सने त्याला डॅलस स्टार्सकडे दिलं, सोबत दुसऱ्या राउंडचा एक ड्राफ्ट पिक (ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची दरवर्षीची निवड, आणि पिक म्हणजे त्यात एक पोरगा निवडायचा हक्क), आणि बदल्यात डॅरिल सायडोर नावाचा डिफेन्समन घेतला. डॅलसने काय करावं, तर त्याच दिवशी सिलिंजरला फीनिक्स कायोटीजकडे रवाना केलं आणि तिकडून टेप्पो नुमिनेन आणला. म्हणजे सिलिंजर काही तासांपुरता डॅलसचा खेळाडू होता. डॅलसच्या जर्सीत तो एकही मॅच खेळला नाही, त्यामुळे एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या हॉकी लीगमध्ये, तो किती टीमकडून खेळला हे मोजताना डॅलस धरत नाहीत. डॅलस न धरताही आकडा बारा होतो, आणि तो लीगचा रेकॉर्ड आहे.

हे सगळं झालं तेव्हा त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा जेमतेम दोन महिन्यांचा होता, मे महिन्यात कोलंबसमध्येच जन्मलेला. त्या पोराबद्दल पुढे येईलच.

मी कोलंबसमध्ये राहतो. ओहायोतलं कोलंबस, इथे मराठी माणसं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी माझ्यासारखीच बँका आणि इन्शुरन्स कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळायला आलेली. हॉकी म्हटलं की आपल्या डोक्यात अजून ध्यानचंद आणि गवतावरची हॉकी, त्यामुळे बर्फावरची हॉकी मला बरीच वर्षं नुसती मारामारी वाटायची. मग ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या टेस्टरने, त्याच्याकडे सीझन तिकिटं होती, मला एकदा सोबत नेलं. नेशनवाइड अरीनात आपली टीम गोल करते तेव्हा खरीखुरी तोफ उडवतात, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिल्या गोलला मी खुर्चीतून एवढा उडालो की पुढच्या रांगेतल्या बाईंच्या पॉपकॉर्नमध्ये माझी कोपरं गेली. म्हातारा मनापासून हसला. मग म्हणाला, "पक शोधू नकोस, नाही दिसणार तुला. फेस-ऑफ बघ."

तेव्हापासून मी फेस-ऑफ बघतो आणि फेस-ऑफमुळेच मला ही फिरस्ती माणसं दिसायला लागली. स्टार खेळाडू कुणालाही दिसतो, त्याच्या नावाच्या जर्स्या घालून निम्मं स्टेडियम बसलेलं असतं. पण तिसऱ्या-चौथ्या लाइनचा (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर येणारी तीन फॉरवर्डची फळी) एखादा सेंटर, म्हणजे त्या फळीतला मधला माणूस, जो चाळीस-पंचेचाळीस सेकंदांसाठी बर्फावर येतो, वाकतो, पक जिंकतो, मागे ढकलतो आणि परत बेंचवर जाऊन बसतो, तो दिसायला कुणीतरी दाखवावा लागतो.

फेस-ऑफ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खेळ थांबला की परत सुरू करायला दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात आणि लाइन्समन मधे पक टाकतो. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम, आणि बर्फावर उसळू नये म्हणून मॅचआधी ती फ्रीझ करून ठेवतात. ती पडता पडता जो स्टिकने आपल्या माणसाकडे ओढेल तो जिंकला. अर्ध्या सेकंदाचं काम. एका मॅचमध्ये असे साधारण साठ फेस-ऑफ होतात. त्या अर्ध्या सेकंदाच्या आधी मात्र भलतंच काय काय चाललेलं असतं. समोरच्याचा खालचा हात स्टिकवर सुलटा आहे की उलटा, त्यावरून तो पक कुठल्या बाजूला ओढणार ते कळतं, पायांची ठेवण कळते, आणि नजर सगळा वेळ लाइन्समनच्या हातावर. कुणी जास्त चळवळ केली, आधीच हलला, तर लाइन्समन त्याला सरळ हाकलतो आणि मग बाजूला खेळणाऱ्या विंगरला येऊन वाकावं लागतं, ज्याला हे काम धड जमत नसतं. म्हणजे नियमाच्या किती जवळ जाऊन चोरी करायची याचाही हिशेब असतो. हे सगळं शिकून घ्यायचं आणि वर्षानुवर्षं करत राहायचं. आणि याची हायलाइट्स कुणी दाखवत नाही.

सिलिंजर यात पटाईत होता. पण तो हे करायला आलाच नव्हता, ही खरी गंमत आहे. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या रेजायना गावचा हा पोरगा, घरच्याच रेजायना पॅट्स टीमकडून ज्युनिअर हॉकीत ढिगाने गोल करायचा. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट रेड विंग्जने त्याला अकराव्या नंबरवर उचलला. अकरावा म्हणजे पहिला राउंड, म्हणजे हा उद्याचा मोठा माणूस असं गृहीत धरलेलं. आणि डेट्रॉइटमध्ये सेंटरच्या जागी कोण, तर स्टीव्ह यझरमन. त्याच्या मागून सर्गेई फेदोरोव्ह. आता तुम्ही कितीही गुणी असा, वर हे दोघं बसलेले असताना तुम्हाला बर्फावर वेळ मिळणार तरी किती. काही वर्षं वर-खाली, कधी मुख्य टीममध्ये, कधी खालच्या लीगमध्ये, असं करत एप्रिल १९९५ मध्ये त्याला अनाहाइमला पाठवलं.

इथे दुसऱ्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. क्रिस ड्रेपर. विनिपेग जेट्सला तो नको होता, म्हणून १९९३ मध्ये डेट्रॉइटने त्याला एका डॉलरला घेतला. एक डॉलर! खरंच तेवढ्याला. हाही सेंटर, हाही फेस-ऑफवाला, हाही दुसऱ्यांचं काम सोपं करणारा. तो डेट्रॉइटमध्ये सतरा सीझन राहिला आणि चार स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकला, १९९७, १९९८, २००२ आणि २००८. पहिल्या राउंडचा पोरगा गावोगाव फिरला आणि एका डॉलरचा माणूस आयुष्यभर एका जागी बसला. मी या दोघांचे आकडे समोरासमोर ठेवून बरेचदा बघितलेत, आणि गोल कुणाचे जास्त, तर सिलिंजरचे. ड्रेपर ग्रेटच होता, त्याबद्दल वाद नाही, २००४ मध्ये त्याला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह फॉरवर्डचं सेल्की बक्षीस मिळालं. पण त्याला जी खुर्ची मिळाली ती बरोब्बर त्याच्या मापाची होती आणि ती रिकामी व्हायच्या वेळी तो तिथे हजर होता. सिलिंजर त्याच इमारतीत होता, फक्त त्याला अजून कुणी त्या खुर्चीचा माणूस समजत नव्हतं, तो स्वतःही समजत नसावा.

पुढचा प्रवास नुसता वाचला तरी दम लागतो. अनाहाइमहून वर्षभरात व्हँकूवर, तिथून १९९८ मध्ये फिलाडेल्फिया, त्याच वर्षी डिसेंबरात टँपा बे, मार्च २००० मध्ये फ्लोरिडा पँथर्स, पुढच्या मार्चमध्ये ओटावा. मग कोलंबस, मग तो दोन ट्रेडचा दिवस आणि फीनिक्स, मार्च २००४ मध्ये सेंट लुइस, जानेवारी २००६ मध्ये नॅशव्हिल, आणि शेवटी न्यूयॉर्क आयलंडर्स. मार्च महिना परत परत येतोय ते बघा, कारण तेव्हा ट्रेड डेडलाइन, म्हणजे त्या सीझनमधल्या ट्रेडची शेवटची तारीख, असते. प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, जाणाऱ्या टीमना शेवटच्या क्षणी एखादा भरवशाचा हात हवा असतो आणि तळाच्या टीमना पुढच्या वर्षासाठी पिक हवे असतात, आणि या दोघांच्या मधे सिलिंजरसारखा माणूस अगदी फिट्ट बसतो. नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे मला विचारल्याशिवाय ट्रेड करायचा नाही ही अट, मोठ्या लोकांच्या करारात असतो. बाकीच्यांना फोन येतो. फोन आला की बॅग भरायची, बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी नव्या गावात मॅच, तिथे लॉकरवर नवी नावाची पट्टी लागलेली, आणि बायको मागे घर, शाळा, भाडेकरार, गाडी हे सगळं निस्तरत बसलेली.

माझ्या बायकोला मी हे सगळं एकदा रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "अहो, हे आपलंच झालं की. फीनिक्स झालं, सेंट लुइस झालं, आता कोलंबस." मी हसलो, पण ती हसली नव्हती. कन्सल्टिंगमध्ये क्लायंट बदलला की गाव बदलतं हे खरंच आहे, आणि आमच्या मुलीने पहिली आणि दुसरी वेगवेगळ्या राज्यांत केली हेही. फरक एवढाच की मी प्रोजेक्ट सोडून गेलो तर सोळा हजार माणसं सोमवारी रेडिओवर फोन करून सांगत नाहीत की बरं झालं गेला. असो.

ज्या टीम सिलिंजरने सोडल्या त्यांचं पुढे काय झालं हेही जरा क्रूर आहे. डेट्रॉइट १९९७ मध्ये कप जिंकलं, हा दोन वर्षं आधी गेला होता. टँपा २००४ मध्ये जिंकलं, हा चार वर्षं आधी. अनाहाइम २००७ मध्ये. सिलिंजरला कप कधीच मिळाला नाही. १०४९ मॅच, २४० गोल, ३०८ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास), सतरा सीझन, आणि कपावर नाव नाही.

पण लोक हे जे "बिचारा" म्हणून सांगतात ते मला तितकंसं पटत नाही. क्विझमध्ये त्याचं नाव येतं, बारा टीमचा माणूस म्हणून, सगळे हसतात. अरे, पण ट्रेडमध्ये दोन बाजू असतात. प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला सोडला हे जितकं खरं तितकंच प्रत्येक वेळी कुणीतरी समोरून माणूस किंवा पिक देऊन त्याला मागून घेतला हेही खरं. टाकाऊ माणसाचे इतके ट्रेड होतच नाहीत, तो पहिल्या-दुसऱ्या वेळीच खालच्या लीगमध्ये जाऊन दिसेनासा होतो. आणि बघा ना, त्याचा सगळ्यात चांगला सीझन कुठला, तर २००५-०६, वय चौतीस, अर्धं वर्ष सेंट लुइस आणि अर्धं नॅशव्हिल, दोन्ही मिळून ३२ गोल. त्याच वर्षी ट्रेड झालेला असताना! पुढच्या वर्षी आयलंडर्सकडून सगळ्या ८२ मॅच खेळला आणि २६ गोल केले. हजारावी मॅचही तिथेच झाली, २००७-०८ च्या सुरुवातीला. मग खुबा गेला. ऑपरेशन झालं, परत यायचा प्रयत्न केला, शेवटच्या सीझनमध्ये सात मॅच खेळला आणि २००९ मध्ये थांबला, आणि लगेच एडमंटन ऑयलर्सकडे तरुण खेळाडूंना घडवायच्या कामाला लागला.

खालच्या लीगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सिलिंजर हा तरी फिरस्त्यांमधला श्रीमंत. एनएचएलच्या खाली अमेरिकन हॉकी लीग आहे, एएचएल, आणि तिच्या खाली ईसीएचएल, जी १९८८ मध्ये पाच टीमवर सुरू झाली. एएचएलमध्ये कधीकधी शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन दिवसांत तीन मॅच असतात, त्याही कधी तीन वेगळ्या गावांत. ईसीएचएलमध्ये बसमध्येच झोपायचे बंक असतात आणि पगार आठवड्याला मिळतो. टू-वे करार असेल तर वरच्या टीममध्ये आहेस तेवढे दिवस वरचा पगार, खाली पाठवलं की त्या दिवसापासून खालचा. आणि सगळ्यात जीवघेणा प्रकार वेव्हर्स. टीमला तू नको झालास की नाव यादीत टाकतात, बाकीच्या टीमना चोवीस तास मिळतात, कुणी उचलला तर ठीक, नाही तर खाली जा. चोवीस तास फोनकडे बघत बसायचं. कुणी उचललं नाही म्हणजे बाकीच्या सगळ्या टीमनी तुझं नाव वाचलं आणि पान उलटलं, हे तुलाही कळतं आणि बाकीच्यांनाही.

वेव्हर्सचं नाव काढलं की मला मॅनी मल्होत्रा आठवतो, आणि खरं सांगायचं तर मी हे सगळं लिहायला बसलो ते मल्होत्रामुळेच.

आडनाव ऐकून आपले कान टवकारणारच. वडील भारतातून गेलेले पंजाबी, आई फ्रेंच-कॅनेडियन, पोरगा मिसिसॉगाचा. भारतीय वंशाचा एनएचएलमधला पहिला माणूस तो नव्हे. तो मान रॉबिन बावाचा, ब्रिटिश कोलंबियातला, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून आला. बावा तर फिरस्त्यांचाही फिरस्ता, एनएचएलमध्ये एकूण ६१ मॅच आणि त्याही चार टीममध्ये वाटलेल्या, बाकीचं करिअर खालच्या लीगमध्ये. तगडा गडी होता, ज्युनिअरमध्ये गोल करायचा, वर आल्यावर त्याला मारामारी करणाऱ्याची भूमिका मिळाली. ६१ मॅचवर तो संपला पण दार त्याने उघडलं.

मल्होत्राला १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या नंबरवर घेतला. पोरगा अठरा वर्षांचा आणि त्याच ड्रेसिंग रूममध्ये वेन ग्रेट्झकी, ज्याचा तो शेवटचा सीझन होता. कल्पना करा, पहिलंच वर्ष आणि समोर देव बसलेला. पण रेंजर्सनी त्याचं धड काही केलं नाही. चौथ्या लाइनवर मोजकी मिनिटं, कधी बाहेर, कधी एएचएलला हार्टफर्डकडे. सातव्या नंबरचा माणूस आहे तर गोल कर, ही अपेक्षा, आणि गोल काही येईनात. मार्च २००२ मध्ये डॅलसकडे ट्रेड. २००३ च्या नोव्हेंबरात डॅलसने वेव्हर्सवर टाकला. तेवीस वर्षांचं वय आणि "फसलेला ड्राफ्ट पिक" असा शिक्का.

उचलला कुणी, तर आमच्या कोलंबसने. चार महिन्यांपूर्वी ज्यांनी सिलिंजरला दिला होता त्यांनीच.

माझा म्हातारा टेस्टर मल्होत्राचं नाव निघालं की अजून खुलतो. "सत्तावीस नंबर," म्हणतो, "त्याच्याकडे बघून मी माझ्या नातवाला फेस-ऑफ शिकवला." कोलंबसमध्ये पाच सीझनमध्ये या माणसाने स्वतःला नवीन घडवला. गोल करणारा होण्याचा नाद सोडला म्हणा, किंवा सुटला म्हणा. समोरच्यांच्या सगळ्यात मोठ्या लाइनसमोर खेळायचं, पेनल्टीमुळे आपला एक माणूस कमी असताना बचाव करायचा, आणि फेस-ऑफ. २००८-०९ मध्ये ब्लू जॅकेट्स पहिल्यांदा प्लेऑफला पोचले, डेट्रॉइटने चार मॅचमध्ये धुऊन काढलं ते सोडा, पण पोचले. त्या उन्हाळ्यात मल्होत्राचा करार संपला आणि कुणीही नवीन करार दिला नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरात, कॅम्प सुरू झाल्यावर, सॅन होजेने एक वर्षासाठी सात लाख डॉलरवर घेतला, जे आपल्याला खूप वाटतं पण त्या लीगमध्ये तळाजवळचा आकडा आहे. तिथे तो इतका चांगला खेळला की पुढच्याच उन्हाळ्यात व्हँकूवरने तीन वर्षांचे पंच्याहत्तर लाख दिले.

व्हँकूवरमध्ये जे झालं ते हॉकीवाले अजून उदाहरण म्हणून सांगतात. तिथे सेडीन जुळे भाऊ होते, हेन्रिक आणि डॅनियल, स्वीडनचे, हल्ल्यात दोघं एकमेकांना न बघता पास देणारे. कोच अलेन व्हिन्योने साधा विचार केला की या दोघांना आपल्या गोलजवळ बचाव करायला लावून दमवायचं कशाला. मग आपल्या बाजूचा फेस-ऑफ आला की मल्होत्रा. समोरच्यांच्या बाजूचा फेस-ऑफ आला की सेडीन. एकेका मॅचमध्ये कितीतरी वेळा मल्होत्रा स्वतःच्या गोलकीपरच्या उजव्या-डाव्या वर्तुळात जाऊन वाकायचा, साठ टक्क्यांहून जास्त जिंकायचा, पक बाहेर काढायचा आणि बेंचवर. त्या वर्षी डॅनियल सेडीन लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) करून आर्ट रॉस ट्रॉफी जिंकला. मल्होत्राच्या आकड्यांकडे बघून कुणाला काही कळणार नाही, आणि प्लस-मायनस (तो बर्फावर असताना टीमने केलेले वजा खाल्लेले गोल) वगैरे बघितलं तर उलट हा माणूस साधाच वाटेल. कारण अवघड जागेवरून सुरुवात करणाऱ्याच्या नावावर त्या जागेचाच कचरा जमा होतो. जो सांभाळून घेतो त्याच्या खात्यात दिसण्यासारखं काही पडत नाही, आणि पगारवाढीच्या वेळी मॅनेजर तेच खातं उघडून बसतो. हे वाक्य हॉकीबद्दलच आहे हं.

१६ मार्च २०११ ला कोलोरॅडोविरुद्धच्या मॅचमध्ये पक उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर आदळला. १७० ग्रॅमचं गोठवलेलं रबर. डोक्याला हात लावून, वाकून, तो धावतच बेंचकडे गेला ते दृश्य मी एकदाच बघितलं आणि परत लावलं नाही. एकाहून जास्त ऑपरेशनं झाली. सीझन संपला असं टीमने जाहीर केलं. करिअर संपलं असं बाकीच्यांनी. तेव्हा व्हायझर, म्हणजे हेल्मेटला लावलेली डोळ्यांपुढची पारदर्शक काच, सक्तीचा नव्हता, नव्या खेळाडूंना तो २०१३-१४ पासून सक्तीचा झाला.

आणि मग ४ जून. स्टॅनले कप फायनल, बॉस्टनविरुद्ध दुसरी मॅच, व्हँकूवरमध्येच. अडीच-पावणेतीन महिन्यांत हा माणूस परत. तो फेस-ऑफला बर्फावर आला आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. मी हा व्हिडिओ कितीदा बघितला असेल, आणि प्रत्येक वेळी माझं लक्ष त्याच्याकडेच असतं, कारण तो वर बघतच नाही. लोक ओरडतायत, टाळ्या चालू आहेत, आणि हा वाकलाय, लाइन्समनचा हात बघतोय. ज्या कामासाठी डोळा लागतो तेच काम. ती मॅच ओव्हरटाइमच्या अकराव्या सेकंदाला अलेक्स बरोजने जिंकून दिली, पण कप बॉस्टनने नेला, सातव्या मॅचला, व्हँकूवरमध्येच, आणि त्या रात्री शहरात दंगल झाली.

डोळा पूर्ण परत आला नाही. २०१३ च्या सुरुवातीला मोजक्या मॅच झाल्यावर व्हँकूवरचे जनरल मॅनेजर माइक गिलिस यांनी ठरवलं की याला खेळवणं याच्याच जिवावर बेतेल, बाजूने येणारा माणूस त्याला वेळेत दिसत नाही, आणि उरलेला सीझन त्याला जखमींच्या यादीत टाकलं. मल्होत्राला खेळायचं होतं. आता इथे बरोबर कोण? मला दोघंही बरोबर वाटतात आणि त्यामुळेच तो निर्णय वाचताना घशाशी येतं. मॅनेजर लोकांना आपण एरवी शिव्या देतो, पण या वेळी एका मॅनेजरने माणसाला माणसासारखं वागवलं आणि ज्याला वागवलं त्याच्यासाठी तोच सगळ्यात मोठा घाव होता.

पण तो थांबला नाही. २०१३ च्या शरदात, तेहतीस वर्षांचा, एक डोळा अधू, एएचएलमधल्या शार्लट चेकर्सकडे ट्रायआउटवर गेला. ट्रायआउट म्हणजे करार नाही, खेळून दाखव, मग बघू. पंधरा वर्षं एनएचएलमध्ये काढलेला माणूस विशीतल्या पोरांबरोबर बसमध्ये. काही आठवड्यांत कॅरोलायना हरिकेन्सने वर बोलावून करार दिला. पुढचं वर्ष मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. अशी एकूण सात टीम, ९९१ मॅच. हजार मॅच झाल्या की तिकडे खेळाडूला चांदीची स्टिक देतात, घरचे लोक बर्फावर येतात, समारंभ होतो. मल्होत्राच्या नऊ राहिल्या. त्यानंतर तो परत एएचएलला गेला, क्लीव्हलंडच्या टीमकडे, म्हणजे आमच्या ओहायोतच, ट्रायआउटवर. नऊ मॅच काही मिळाल्या नाहीत.

म्हातारा यावर म्हणतो, "नऊ मॅचचं काय घेऊन बसलास, फेस-ऑफ मोज." त्याचं गणित वेगळंच आहे.

सिलिंजरच्या धाकट्याचं राहिलंच. कोल सिलिंजर. बापाचे एका दिवसात दोन ट्रेड झाले तेव्हा दोन महिन्यांचा असलेला. तिन्ही पोरं हॉकीपटूच निघाली, आणि या कोलला २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या नंबरवर कुणी घेतला, तर कोलंबस ब्लू जॅकेट्सने. बाप अकरावा, पोरगा बारावा. जिथे जन्मला तिथेच नोकरी! अठराव्या वर्षी थेट एनएचएलमध्ये आला, पहिल्याच सीझनमध्ये हॅट्ट्रिक केली. सेंटर आहे, अर्थात. मी त्याला फेस-ऑफला वाकताना बघतो तेव्हा बापाच्या जुन्या क्लिप्स आठवतात, पण तो तसाच वाकतो असं म्हणणार नाही, तेवढं मला कळत नाही.

मल्होत्रा पुढे कोच झाला. आधी व्हँकूवरला असिस्टंट, मग टोरंटो मेपल लीफ्सकडे चार वर्षं असिस्टंट, आणि २०२४ मध्ये ॲबट्सफर्ड कनक्सचा हेड कोच, ही व्हँकूवरची एएचएल टीम. ॲबट्सफर्ड हे ब्रिटिश कोलंबियातलं शेतीचं गाव, पंजाबी माणसांनी भरलेलं. कॅनडात हॉकीची कॉमेंट्री पंजाबीत होते हे ऐकून माझे मराठी मंडळातले मित्र चक्रावतात, पण होते, २००८ पासून. मराठीत व्हावी एवढी आपली संख्या नाही आणि हौसही. तर पहिल्याच सीझनमध्ये, जून २०२५ मध्ये, मल्होत्राच्या टीमने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. हाच कप त्याने खेळाडू म्हणूनही जिंकला होता, हार्टफर्डकडून, २००० मध्ये, जेव्हा रेंजर्सना त्याचं काय करावं कळत नव्हतं. आणि फायनलला समोर कोण होतं माहितीये? शार्लट चेकर्स. सहा मॅचमध्ये हरवलं.

त्या ॲबट्सफर्डच्या टीममध्ये अर्शदीप बेन्स नावाचा पोरगा होता, शेजारच्या सरीचा, पंजाबी घरातला, ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला. त्याच सीझनमध्ये व्हँकूवरने त्याला वर बोलावला, खाली पाठवला, परत बोलावला, परत खाली पाठवला. दर वेळी खाली आला की मल्होत्रा तिथे असायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिस असायची.